रुळांचे जाळे आणि उभी रेघ

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, हे लातूरकराला सांगावे लागत नाही. १९१७ साली फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे ही गोल इमारत उभी राहिली, आणि तेव्हापासून गावात आलेला माणूस गोलाई विचारत विचारतच आपल्या कामाच्या गल्लीत शिरतो. आता एखाद्या शाळकरी पोराला पाटीवर गोलाई काढावयास सांगितली तर तो मध्ये एक ठिपका देईल आणि भोवती सोळा रेघा ओढील. त्या चित्रात दुकाने नाहीत, हातगाड्या नाहीत, कोणता रस्ता रुंद आणि कोणत्या गल्लीत सायकलसुद्धा नीट शिरत नाही हेही नाही. येथे सोळा वाटा एकत्र येतात, एवढेच त्यात आहे. जगातील बाकीची सगळी माहिती टाकून द्यावयाची आणि 'कोण कोणाला जोडलेला आहे' एवढेच ठेवावयाचे, ही चित्र काढण्याची एक निराळी रीत होय. गणिती लोक अशा चित्राला आलेख म्हणतात. पण शाळेत चौकटीच्या कागदावर काढतात तो आलेख हा नव्हे. म्हणून आम्ही याला साधे जाळे म्हणू. जेथे धागे मिळतात ती गाठ, आणि दोन गाठींना जोडतो तो धागा.

ही जाळी आता कागदावरून उठली आहेत. संगणकाच्या किंवा हातातल्या फोनच्या ब्राउझरमध्ये ती उघडतात. बोट लावले की फिरतात, जवळ येतात, दूर जातात. एखाद्या गाठीवर बोट टेकले की तिचे नाव सांगतात. लांबी आणि रुंदी यांच्याबरोबर त्यांना खोलीही असते. या चित्रांचा इतिहास सांगावा, आणि तो सांगताना आपल्या मराठवाड्यातील आगगाडीचे जाळे हाताशी ठेवावे, असा आमचा बेत आहे. कारण या चित्रकलेचे बळ आणि तिचे व्यंग ही दोन्ही त्या जाळ्यात जितकी स्वच्छ दिसतात, तितकी परक्या देशांच्या उदाहरणांत आम्हाला दिसली नाहीत. आम्ही गणिती नाही. हमाल, मिलवाले, तोलार यांच्या संघटनेचे काम करता करता रात्री जे वाचले आणि जाणत्या तरुणांनी जे समजावून दिले, त्याच्या जोरावर हे लिहीत आहोत.

इतिहासकार या विषयाचा जन्म १७३६ सालचा मानतात. प्रशियातील क्योनिग्सबर्ग या शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच, आणि एकदाच, ओलांडून सारे शहर फिरता येईल काय, असा तेथील रिकाम्या वेळचा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने येणार नाही असे सिद्ध केले. त्याची युक्ती साधी आहे. फिरताना मध्ये लागणाऱ्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्यात जितक्या वेळा शिरावे तितक्याच वेळा बाहेर पडावे लागते, म्हणून तेथील पुलांची संख्या सम हवी. विषम संख्या चालली तर ती फक्त जेथून निघालो आणि जेथे थांबलो तेथे. क्योनिग्सबर्गचे चारही तुकडे विषम होते. गंमत अशी की, चार गाठी आणि सात धागे यांची जी आकृती आज पाठ्यपुस्तकांत छापतात ती ऑयलरने काढलीच नव्हती. त्याने नदीचा आणि पुलांचा नकाशा काढला आणि पुढचे काम अक्षरांनी केले. ती आकृती आली १८९२ साली, राउझ बॉल यांच्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात. 'ग्राफ' हा शब्द या अर्थाने सिल्व्हेस्टर यांनी १८७८ मध्ये वापरला, तोही रसायनशास्त्रातील अणू आणि त्यांचे बंध यांच्याविषयी लिहिताना. म्हणजे विचार आधी जन्मला आणि त्याचे चित्र दीडशे वर्षांनी. विद्वानांच्या घरीही पाळण्याची तयारी उशिराच होते म्हणावयाची.

त्या दीडशे वर्षांच्या अखेरीस आमच्या मुलखात दुसरेच एक जाळे विणले जात होते, आणि ते लोखंडाचे होते. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली ती ब्रॉडगेजवर, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर ठेवून. पुढे खर्च वाचविण्यासाठी १८७० साली लॉर्ड मेयोच्या सरकारने मीटरगेज पत्करले, दोन रुळांत बरोबर एक मीटर. निजामाच्या राज्यातून हैदराबादेहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची लाईन १८९९ ते १९०१ या काळात खुली झाली, ती या मीटरगेजची. लांबी ३९१ मैल. नांदेड, पूर्णा, परभणी, जालना आणि ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते औरंगाबाद, ही सारी गावे एका दोऱ्यात ओवली गेली.

दक्षिणेकडून तिसरेच लोखंड आले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे बांधली. एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतात आणि स्वस्तात काम होते, हा त्याचा हिशेब होता. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीस गेली, १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस. कुर्डुवाडी स्टेशनचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. स्टेशनच्या नावात 'रोड' आला की गाव तेथे नाही, उतरून पुढे वाटेला लागा, असे समजावे. लातूर रोड हे याचेच उदाहरण होय. ते विकाराबाद-परळी या ब्रॉडगेज लाईनवरचे, तर लातूर गाव कॅलथ्रॉपच्या छोट्या गाडीचे शेवटचे टोक. एकाच नावाची दोन स्टेशने, मध्ये पंचवीस-तीस किलोमीटरांची वाट आणि दोन जातींचे रूळ. ही बार्शीची कंपनी १९५४ साली सरकारने घेतली, पण रूळ पुढे पन्नास वर्षे तेच राहिले.

आता या सगळ्याचे जाळे कागदावर काढून पाहा. मनमाड ही एक गाठ. तिला मुंबईचा धागा आहे, भुसावळचा आहे आणि नांदेडचा आहे. कुर्डुवाडी दुसरी गाठ, तिला पुण्याचा, सोलापूरचा, पंढरपूरचा आणि लातूरचा. परळीला परभणीकडून मीटरगेज येई आणि विकाराबादेकडून ब्रॉडगेज. मिरजेला तर एके काळी तिन्ही प्रकारचे रूळ होते. चित्र पाहणारा म्हणेल, नांदेडची रुईची गासडी मनमाडवरून सुखाने मुंबईच्या गिरणीत जात असेल, कारण दोऱ्याला दोरा लागलेला आहे. पण प्रत्यक्षात तसे होत नव्हते. नांदेडची वाघीण मनमाडला थांबे. तिची चाके पुढच्या रुळांवर बसत नसत. गासडी खाली उतरे, धक्क्यावरून वाहून नेली जाई आणि दुसऱ्या वाघिणीत चढे. कागदावर जी एक गाठ दिसते त्या जागी खऱ्या अर्थाने दोन गाठी होत्या, आणि त्या दोहोंना जोडणारा धागा लोखंडाचा नव्हता. तो हमालाच्या पाठीचा होता.

आमच्या लहानपणी नांदेडहून मुंबईस जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे. उतारूंची धावपळ सर्वांच्या लक्षात आहे. ट्रंका, वळकट्या, हरवलेली पोरे, त्यावर कथाही निघतील. मालधक्क्यावरची धावपळ कोणाच्या आठवणीत फारशी नाही, कारण तेथे उतारू जात नसत. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाणारा माणूस दिवसभरात किती फेऱ्या करीत असेल, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असे, तोही पोत्यांचा, माणसाचा नव्हे. पुष्कळ ठिकाणी हे काम कंत्राटदारामार्फत चाले, म्हणजे रेल्वेच्या पगारपत्रकातही तो माणूस नसे. नकाशात नाही, वेळापत्रकात नाही, पगारपत्रकात नाही. आणि तो नसता तर जाळे मात्र मनमाडला तुटले असते.

इंग्लंडात हाच प्रश्न आधी होऊन गेला होता. ग्लॉस्टर येथे दोन मापांचे रूळ मिळत, आणि १८४६ साली लंडनच्या एका सचित्र पत्राने तेथील गोंधळाचे चित्र छापले: पेट्या, गाठोडी, जनावरे, आरडाओरड करणारी माणसे. त्याच वर्षी पार्लमेंटने रुळांच्या मापाचा कायदा केला. आमच्या मते त्या चित्राला या इतिहासात मानाचे पान द्यावयास हवे. दोन धागे जेथे मिळतात त्या ठिपक्याच्या पोटात काय चालते, हे दाखविणारे ते चित्र आहे. पुढे जाळ्यांची चित्रे जसजशी शहाणी होत गेली तसतसा तो ठिपका गुळगुळीत होत गेला.

गुळगुळीत ठिपक्याचा उत्तम नमुना म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा. हॅरी बेक हा विजेच्या जोडण्यांची चित्रे काढणारा ड्राफ्ट्समन. कंपनीने त्याला कामावरून कमी केले होते, त्या सक्तीच्या सुटीत, १९३१ साली, त्याने हा नकाशा काढला. खरी अंतरे आणि खरी वळणे सोडून त्याने सगळ्या रेघा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या केल्या. आधी तो नाकारला गेला. १९३३ मध्ये छापला तेव्हा लोकांनी उचलून धरला, आणि आजही जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच धर्तीवर निघतात. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वर कोणते गाव आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोठे चढावे आणि कोठे बदलावे, एवढेच त्याला हवे असते. आमचा या नकाशावर राग नाही. बेकारीत बसलेल्या कारागिराने केलेले ते काम आहे, याचा उलट अभिमान वाटतो.

त्याच सुमारास अमेरिकेत माणसांची जाळी काढण्यास सुरुवात झाली. न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ साली दोन आठवड्यांत तेथून चौदा मुली पळाल्या. जेकब मोरेनो या डॉक्टरने कोणत्या मुलीला कोण आवडते, कोण नावडते, हे विचारून ठिपके आणि रेघा काढल्या. पळालेल्या मुली एकमेकींशी रेघांनी जोडलेल्या निघाल्या. पळण्याचा विचार मैत्रीच्या धाग्यावरून एकीकडून दुसरीकडे गेला होता, आणि पळणाऱ्या मुलींनाही तो धागा एवढा लांब आहे याची कल्पना नसावी, असे त्याचे म्हणणे. १९३४ साली त्याचे पुस्तक निघाले. ज्याने कधी संप संघटित केला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. सभेतील भाषणाने संप होत नाही. चहाच्या टपरीवर कोण कोणाशेजारी बसतो, त्यावर होतो. पण ते कागदावर काढता येते, हे आम्हाला मोरेनोकडून कळले.

येथवरची सारी जाळी हाताने काढलेली. ठिपका कोठे द्यावा हे काढणारा ठरवी. गाठी शेकड्यांनी वाढल्या की हात चालत नाही, रेघांचा गुंता होतो. तेव्हा प्रश्न आला की ठिपक्यांनी आपली जागा आपणच शोधावी, अशी काही रीत आहे काय? विल्यम टट हे गणितज्ञ, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची गुप्त लिपी फोडणाऱ्यांपैकी एक. १९६३ साली त्यांनी एक रीत दिली: कडेच्या गाठी खिळ्याने ठोकाव्या आणि आतील प्रत्येक गाठ तिच्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावर बसवावी. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर ईड्स यांनी अधिक सुटसुटीत कल्पना मांडली. गाठींच्या जागी लोखंडी कड्या आहेत आणि धाग्यांच्या जागी स्प्रिंगा आहेत असे समजा. जोडलेल्या कड्यांना स्प्रिंग जवळ ओढते, न जोडलेल्या कड्या एकमेकींना दूर लोटतात. सगळे एकदा हलवून सोडून द्या. ओढाताण होता होता जाळे एका ठिकाणी स्थिर होते. १९९१ मध्ये फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी ही रीत अधिक वेगवान केली. युनियनच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत आम्ही हेच दर तीन वर्षांनी पाहत आलो आहोत.

अडचण अशी की, प्रत्येक गाठ दुसऱ्या प्रत्येक गाठीला लोटते. एक हजार गाठी असल्या तर जोड्या सुमारे पाच लाख होतात, आणि हा हिशेब सेकंदात कित्येकदा करावयाचा. यावरचा उपाय आकाशाकडून आला. जॉश बार्न्स आणि पीट हट या खगोलशास्त्रज्ञांनी १९८६ साली ताऱ्यांच्या ओढीचा हिशेब करताना दूरचा घोळका एकच तारा समजावा, अशी तोड काढली. आपणही तेच करतो. शेजारच्या गल्लीतील माणसे नावाने मोजतो, आणि लांबची 'उदगीरकडची मंडळी' एवढ्यात आटोपतो.

राहिले ब्राउझर. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या अणुसंशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, त्या टिपणाच्या पहिल्याच पानावर वर्तुळे आणि बाण यांचे एक जाळे काढलेले आहे. म्हणजे वेब जन्मले तेच जाळ्याच्या चित्रातून. परंतु वेबच्या पानावर खोली असलेले चित्र फिरते ठेवणे फार दिवस साधत नव्हते. १९९४ पासून काही प्रयत्न झाले, पण निराळा प्रोग्राम बसवावा लागे आणि यंत्रे मंद होती. खेळांसाठी संगणकात चित्रे रंगविणारी स्वतंत्र चिप आली होती. ब्राउझरला तिच्यापर्यंत पोचण्याची वाट हवी होती. ती वाट, वेबजीएल नावाची, २०११ च्या मार्चमध्ये प्रमाण ठरली. त्याआधी वर्षभर, २०१० साली, रिकार्दो काबेयो या स्पॅनिश तरुणाने थ्री-जेएस नावाचा साधनसंच मोकळा करून दिला होता. २०११ सालीच स्टॅनफर्डमध्ये माइक बॉस्टॉक आणि त्यांचे सहकारी यांनी डी-थ्री हा दुसरा संच दिला, ज्यात ईड्सच्या स्प्रिंगा आणि बार्न्स-हट यांची तोड दोन्ही पुढे तयार मिळू लागली. हे संच फुकट आहेत, उघडे आहेत, कोणी वाचावे, कोणी बदलावे. एकाने रंगाची पेटी दिली, दुसऱ्याने ओढ-लोटीचा हिशेब दिला, आणि जगात कोठेही बसलेल्या पोराने दोन्ही जोडून जाळे फिरते केले. श्रमाची अशी वाटणी आम्हाला पसंत आहे.

खोलीची खरोखर गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. पडदा सपाटच असतो. त्यावर खोलीचे चित्र काढले तर पुढची गाठ मागच्या गाठीला झाकते, आणि स्थिर असेल तर ते सपाट चित्राहून वाईटच. खोली कळते ती फिरविल्यावर, जसे चालत्या गाडीतून जवळचे खांब पळतात आणि दूरचा डोंगर थांबलेला दिसतो. १९९६ मध्ये कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांनी माणसांवर प्रयोग करून पाहिले. दोन डोळ्यांना निराळे चित्र दाखविले आणि डोके हलविताच चित्रही हलू दिले, तर सपाट चित्राच्या सुमारे तिप्पट मोठे जाळे माणसाला उलगडता येते, असे त्यांना आढळले. तरीही बहुतेक जाळी कागदावर सपाटच बरी, असे आमचे मत आहे. नुसते डोळे दिपविण्यासाठी ठिपके फिरविणारे पुष्कळ आहेत.

मराठवाड्याच्या रुळांना मात्र खोली हवीच, हे आम्हाला पटले ते आमच्या कचेरीत येणाऱ्या संगणक शिकलेल्या दोन तरुणांमुळे. हमालांच्या एका शिबिरासाठी त्यांनी हे जाळे केले. आधी त्यांनी स्प्रिंगांवर सोडून पाहिले. तेव्हा नांदेड कोठे आणि लातूर कोठे, काही पत्ता लागेना, कारण स्प्रिंगांना भूगोल ठाऊक नसतो. मग त्यांनी गावांच्या जागा नकाशाप्रमाणे पक्क्या केल्या आणि तिसरी मिती आमच्या हवाली केली. आम्ही म्हणालो, तीन मजले करा. तळाला बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळ, मधल्या मजल्यावर मीटरगेज, वरच्या मजल्यावर ब्रॉडगेज. मनमाड मग दोन ठिपक्यांचे झाले, एक मधल्या मजल्यावर, एक वर, आणि दोहोंमध्ये एक उभी रेघ. परळीला उभी रेघ. अकोल्यास उभी रेघ. कुर्डुवाडीला तळापासून थेट वरपर्यंत. मिरजेला तिन्ही मजल्यांना भेदणारी. आडव्या रेघा राखाडी ठेवल्या आणि उभ्या लाल केल्या. वरून पाहिले तर हा नेहमीचा सपाट नकाशा दिसतो, एकही लाल रेघ दिसत नाही, कारण प्रत्येक उभी रेघ तिच्या ठिपक्यात लपलेली असते. बोटाने चित्र तिरपे केले की त्या एकेक करून बाहेर येतात. शिबिरातील म्हाताऱ्या हमालांनी तो फोन हातोहात फिरविला. गणित त्यांना सांगावे लागले नाही.

एक अडचण नावांची आली. खोलीतील अक्षरे हा संच एकेक सुटे अक्षर मांडून उभारतो. रोमन लिपीला ते चालते, पण आमच्या लिपीत 'कुर्डुवाडी'चा रफार जागा सोडतो आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूस जाते. शेवटी प्रत्येक नाव ब्राउझरकडून सपाट फळीवर लिहवून घेतले आणि ती फळी ठिपक्याशेजारी टांगली. स्टेशनावर टांगतात तशीच ती दिसते.

चित्राच्या खाली वर्षांची पट्टी आहे. ती सरकविली की रूळ येतात आणि जातात. १९१२ वर पूर्णेहून हिंगोलीचा धागा निघतो आणि पन्नास वर्षे तेथेच टोक होऊन राहतो. १९६१ च्या सुमारास तो खांडव्याशी जोडला जातो आणि दक्षिणेचे मीटरगेज व उत्तरेचे मीटरगेज, दोन सुटी जाळी, मधल्या मजल्यावर एक होतात. पुढे १९९२ पासून देशभर एकच माप करण्याचे धोरण आले. रुंद रुळांची मागणी मराठवाड्याने कितीतरी वर्षे लावून धरली होती. त्या दशकात मनमाड-नांदेडचा धागा मधल्या मजल्यावरून उचलून वर जातो. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडीचा तळातून वर, आणि २०१० च्या सुमारास पंढरपूर-मिरजेचा. लाल रेघा एकेक करून विझतात. पट्टी आजवर आणली की सारे जाळे वरच्या मजल्यावर असते आणि खालचे दोन मजले रिकामे.

यात लाभ झाला नाही असे म्हणणारा मूर्ख ठरेल. १९२७ पासून मिरज आणि लातूर एकाच धाग्यात होती. सपाट नकाशात १९२७ चा आणि २०१६ चा तो धागा हुबेहूब सारखा दिसतो. परंतु २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, लातुरात पाण्यावरून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. १२ एप्रिलला ती लातुरात पोचली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. या वाघिणी राजस्थानात कोट्याला स्वच्छ करून आणल्या होत्या. मार्ग पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा, सुमारे ३४० किलोमीटरांचा, म्हणजे कॅलथ्रॉपचाच. धागा तळमजल्यावर असता तर कोट्याच्या वाघिणी मिरजेलाच उभ्या राहिल्या असत्या. गाठोडे हमाल पाठीवर घेऊ शकतो. पन्नास हजार लिटर पाण्याची टाकी कोण घेणार? मजला बदलला म्हणून पाणी आले.

आणि त्याच मजला बदलण्याने मनमाडची, कुर्डुवाडीची लाल रेघ गेली. तीवर जगणारा माणूस कोठे गेला हे चित्र सांगत नाही. कोणी मोंढ्यात आला, कोणी ट्रकवर गेला, कोणी गावी परतला. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला तो फार मोलाचा. पण त्याचे संरक्षण नोंदलेल्या कामगाराला, आणि धक्क्यावरून उठून आलेल्याची नोंद व्हावयास वर्षे जातात.

आणखी एक गोष्ट संघटनेच्या लोकांना सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. जाळ्यात काही गाठी अशा असतात की त्या काढल्या तर जाळ्याचे दोन तुकडे होतात. मनमाड तशी होती. माणसांच्या जाळ्यातही तशी माणसे असतात. पुष्कळदा तो पुढारी नसतो, दोन पाळ्यांच्या मध्ये बसणारा एखादा अबोल फिटर असतो. संगणक ती गाठ क्षणात शोधून मोठी आणि तांबडी करून दाखवितो. हे आम्हाला उपयोगी आहे, आणि मालकालाही. कोण कोणाला फोन करतो एवढी यादी हाती आली की असे जाळे तयार होते. काय बोलले ते ऐकण्याचीही गरज नाही. म्हणून सभासदांची जाळी आम्ही काढू दिली नाहीत, आणि तरुणांनी काढलेली एक पुसून टाकावयास लावली. रुळांचे काढा, मालाचे काढा, कंत्राटदारांच्या साखळीचे अवश्य काढा. कोणाच्या नावावर कंत्राट, त्याच्याखाली कोण, त्याच्याखाली कोण, हे फिरवून पाहण्यासारखे असते.

सध्या ते दोघे तुरीचे जाळे करीत आहेत. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरपासून लातूरच्या मोंढ्यातील अडत्यापर्यंत, तेथून डाळमिलपर्यंत आणि मिलमधून बाहेर पडणाऱ्या ट्रकपर्यंत. आडव्या रेघा सगळ्या झाल्या. पोते कोठे कोठे पाठीवर चढते ते मोजून उभ्या रेघा भरण्याचे काम हमालांनीच अंगावर घेतले आहे, आणि आतापर्यंत एका पोत्याला पाच रेघा आल्या आहेत. गोदामातील थप्पी धरली तर सहावी होते की नाही, यावर त्यांच्यात वाद चालू आहे.